एकाच मापाची दोन डोकी

"खिडकी लाव."

"आत्ताच उघडलीय."

"म्हणूनच लाव म्हणतेय. उघडी नसती तर लाव म्हटलं असतं का?"

"ताई, जीव गुदमरतोय माझा."

"आणि माझा गोठतोय, त्याचं काय?"

त्या वर्षी माझ्या दोन आत्यांमध्ये हा संवाद रोज व्हायचा, कधी कधी तासातासाला. थिएटरच्या मागच्या अंगाला, जिना चढून गेलं की डाव्या हाताला टोपांची खोली आहे. टोप म्हणजे नाटकातल्या माणसांचे खोटे केस. राजाचे कुरळे, म्हातारीचे पांढरे, वेड्याचे पिंजारलेले, सगळे तिथे तयार होतात. खिडकीपाशी एका स्टुलावर धाकटी आत्या बसायची, हातात पुठ्ठ्याचा तुकडा, त्याने स्वतःला वारा घालत. भिंतीपाशी दुसऱ्या स्टुलावर थोरली आत्या, अंगावर शाल, पायांत मोजे, मोज्यांवर अजून एक मोज्यांचा जोड. खोली एकच, ऋतू दोन. मधल्या फळीवर लाकडी डोकी ओळीने बसलेली, नाक-डोळे नसलेली, दोघींचं भांडण मन लावून ऐकणारी.

ही गोष्ट धाकटीची आहे. पण थोरलीशिवाय ती सांगता येत नाही, कारण थोरलीशिवाय धाकटीने कधी काही केलेलंच नाही.

धाकटीला खरं तर नटी व्हायचं होतं. तिच्या आयुष्यात एकच प्रयोग झाला. तिला दासीचं काम होतं, हातात तबक, तोंडी एकच वाक्य: "महाराज, निरोप आलाय." ती आली, प्रेक्षकांकडे तिने बघितलं आणि वाक्य जे कुठे गेलं ते आजतागायत सापडलेलं नाही. सापडेना म्हणून ती नुसतीच वाकली. महाराज दचकून मागे सरले आणि त्यांचा टोप तबकात पडला. धाकटीने तबक खाली ठेवलं, टोप उचलला, स्वतःच्या अंबाड्यातल्या पिना काढून महाराजांच्या डोक्यावर असा बसवला की तो पुढच्या अंकातल्या तलवारबाजीतही हलला नाही. टाळ्या पडल्या. मॅनेजर विंगेत येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही पुढे नका येऊ. मागे या."

ती मागे गेली ती कायमची. पाठोपाठ शिवणकाम करणाऱ्या थोरलीलाही तिने ओढून नेलं. थोरलीने लग्न करून पाहिलं होतं, धाकटीने न करता. दोघींचा निष्कर्ष एकच निघाला आणि दोघी एका घरात राहू लागल्या.

कामाची वाटणी ठरलेली. थोरली डोक्याचं माप घेणार, जाळीची टोपी शिवणार. धाकटी त्या जाळीत केस ओवणार. बारीक आकड्याची सुई, एक केस, जाळीचं एक भोक, एक गाठ. मग पुढचा केस. मागच्या बाजूला थोडी घाई चालते, पण कपाळापाशी नाही. कपाळावरची रेघ एकेका केसाने, किंचित तिरकी उगवावी लागते. नाहीतर बघणाऱ्याला डोक्यावर टोपी घातल्यासारखं वाटतं. ती रेघ साऱ्या गावात धाकटीइतकी कुणाला जमत नव्हती, थोरलीलाही नाही. "माझ्या रेघेला आईसुद्धा फसेल," असं धाकटी म्हणायची. एवढी एकच बढाई ती मारायची.

आणि आणखी एक गंमत. दोघी बहिणींच्या डोक्याचं माप एकच होतं. कानापासून कानापर्यंत, कपाळापासून मानेपर्यंत, सुताचाही फरक नाही. नट वेळेवर आला नाही की टोप एकमेकींच्या डोक्यावर चढवून बघायचा, ही त्या खोलीची रीत. मी लहानपणी कितीदा पाहिलंय, थोरली राजाचा टोप घालून चहा गाळतेय आणि धाकटी तिच्याभोवती फिरत म्हणतेय, "हलू नको, मागून फुगतोय." माप एक म्हणून पुढे चष्मा एक झाला, चपला एक झाल्या, सर्दीचं औषधही एक झालं. एकीला झालेलं दुसरीला चालतं, याबद्दल दोघींच्या मनात शंका नव्हती. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

थोरलीला थायरॉइडचा त्रास जुना. रोज सकाळी उपाशीपोटी एक इवलीशी गोळी, वर पाणी, मग चहासाठी थांबणं. त्या थांबण्याच्या वेळात तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा घरचा नियम.

एके सकाळी धाकटीने केस विंचरले आणि कंगवा तिच्यासमोर धरला.

"ताई, हे बघ."

"कुठल्या टोपाचे?"

"माझ्या."

थोरलीने कंगवा उजेडात नेला. धंद्याची सवय, आधी तिने केसांची लांबीच बघितली. "चांगला आहे गं केस. टाकू नको."

"ताई!"

"बरं बरं. दमल्यासारखं होतं?"

"होतं."

"गळ्याशी भरल्यासारखं?"

"होतं."

"पाळी?"

"तिचा काही नेम राहिला नाही."

"झालं तर मग," थोरली म्हणाली, घरमालकिणीने भाडेकरूला खोली दाखवावी तशी. "थायरॉइड. मला अगदी अश्शीच सुरुवात झाली होती."

"डॉक्टरांकडे जाऊ या?"

"कशाला? सुई टोचणार, रक्त काढणार आणि मी आत्ता फुकट सांगितलं तेच सांगणार."

थोरलीने विचारलेले प्रश्न सगळे बरोबर होते. न विचारलेले चुकले. तुला थंडी वाजते का, झोप येते का, वजन वाढलंय का, हे तिने विचारलंच नाही. विचारलं असतं तर उत्तर उलटं आलं असतं. धाकटी घामाने निथळायची, पहाटेच उठून बसायची आणि तिचे ब्लाउज तिच्या अंगावर दुसऱ्याचे वाटायला लागले होते.

थोरलीने जाळी कापायची कात्री घेतली आणि गोळीचे बरोब्बर दोन भाग केले. "घे. अर्धी तुझी, अर्धी माझी."

"तुला कमी नाही पडणार?"

"मी इतकी वर्षं घेतेय. अंगात मुरलीय ती."

पुढचे काही महिने त्या खोलीत जो खेळ झाला, तो बघायला तिकीट लावलं असतं तरी गर्दी झाली असती.

धाकटीला भूक लागायची. साधी नाही, राक्षसासारखी. जेवून उठली की हात धुताधुता विचारायची, "काही आहे का गं अजून?" आणि तरी वाळत चाललेली. थोरली दोन घास खायची आणि तिचा चेहरा सुजत चाललेला.

"हा न्याय नाही," थोरली म्हणायची. "तू खातेस आणि अंगाला लागतं माझ्या!"

धाकटी एका जागी बसेना. फळ्या पुसल्या, फळ्यांच्या पाठी पुसल्या, मग लाकडी डोकी धुतली. थोरली त्याच वेळी बोलता बोलता थांबायची, आणि वाक्याचं उरलेलं टोक कधी येईल याची वाट बघत समोरचा उभा. एकदा एका ज्येष्ठ नटाच्या डोक्याचं माप घेता घेता तिला उभ्या उभ्याच डुलकी लागली. फीत त्यांच्या डोक्याभोवती तशीच, दोन्ही टोकं हिच्या मुठीत. मी वर गेले तर ते ताठ बसून हळू आवाजात मला विचारतायत, "हे माप घेण्याचं नवीन तंत्र आहे का?"

पण सगळ्यात गाजले ते धाकटीचे डोळे. ते मोठे दिसू लागले. वरच्या पापण्या मागे सरकल्या, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसायला लागलं. जन्मात कुणावर आवाज न चढवलेली बाई, पण नुसतं "आलात?" म्हणून बघायची आणि समोरच्याला वाटायचं, मेलो. सुताराने कधी काळी नेलेली हातोडी न मागता आणून दिली. तिकीटवाला तिला बघून उभा राहू लागला. दिग्दर्शक जिन्यात भेटला तर काहीही कारण नसताना म्हणाला, "माझंच चुकलं."

"गंमत बघ," धाकटी मला म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं ऐकतायत, आणि मी काही बोलतच नाहीये!"

आम्ही हसलो. हसताना तिने उजवा हात पदराखाली घेतला, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग दिग्दर्शक वर आला, नव्या नाटकाची कल्पना आणि तोंडात सिगारेट घेऊन. "पडदा उघडतो. नायिका एकटी. केस घट्ट मागे ओढलेले. कपाळ पूर्ण उघडं, आणि त्यावर थेट प्रकाश. केसांची रेघ खरी दिसली पाहिजे. अगदी खरी."

"दिसेल," धाकटी म्हणाली.

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. रागावला नाहीत ना?"

"नाही हो."

तो मागे बघत बघत जिना उतरला.

धाकटीने टोप लाकडी डोक्यावर चढवला आणि सुई उचलली. आधी तिने सुईला नावं ठेवली. मग दिव्याला. मग स्टूल हलतंय म्हणून त्याच्या पायाखाली पुठ्ठा घातला. दुपारी मी त्यांचा डबा घेऊन वर गेले तेव्हा सुईचं टोक जाळीसमोर थरथरत होतं, भोक समोर आणि सुई डावी-उजवीकडे. तिने श्वास रोखला, मनगट दुसऱ्या हाताने धरलं, तर दुसरा हातही कापत होता. सुई आत गेली ती तीन भोकांची वाट एक करूनच. जाळी फाटली.

थोरली त्या आवाजाने जागी झाली. आवाज तो काय, पण जाळीचा होता.

"ताई, हात गेला."

"कुठे गेला? हा काय."

"थट्टा नको गं. बरेच दिवस कापतोय. मी लपवत होते." ती हाताकडे असं बघत होती जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं मूल होतं आणि हिच्या घरी राहायला आलं होतं. "हा गेला तर माझ्याकडे काय उरतं, सांग. मला एक वाक्यसुद्धा धड बोलता आलं नाही आयुष्यात. हे एवढंच येतं मला."

थोरली बराच वेळ गप्प राहिली. हल्ली ती तशी नेहमीच गप्प राहायची, म्हणून कळेना, विचार करतेय की झोपली. मग म्हणाली, "अर्धीने भागत नाहीये. उद्यापासून तू पूर्ण घे."

"आणि तू?"

"मी घेईन एखाद दिवशी. मला काय एकेक केस ओवायचाय? फीत तर धरायची."

एवढं मोठं प्रेम आणि एवढा मोठा मूर्खपणा एकाच वाक्यात बसलेला मी अजून कुठल्या नाटकात पाहिलेला नाही.

पूर्ण गोळीने काय होणार होतं ते झालं. धाकटी जिना चढून आली की छातीत असा ठोका पडायचा की पदर हलताना दिसायचा. थोरलीचा आवाज घोगरा होऊन पुरुषांच्या पात्रांकडे झुकला. आणि बाटली वेळेआधी संपली. आम्ही तिघी औषधाच्या दुकानात गेलो.

"मागच्या वेळी नेल्या त्या इतक्यात संपल्या?" औषधवाल्याने विचारलं.

"दोघी घेतो ना," थोरली म्हणाली.

"दोघी म्हणजे?"

"मी आणि ही. आधी अर्धी-अर्धी घ्यायचो. आता हिला पूर्ण."

औषधवाल्याने चष्म्यावरून धाकटीकडे बघितलं. घामाघूम, पुठ्ठ्याने वारा घेणारी, डोळे वटारलेली. त्याने काउंटरवर ठेवलेली बाटली हळूच स्वतःकडे ओढली.

"यांना ही गोळी कुणी दिली?"

"मी."

"तुम्ही डॉक्टर?"

"मोठी बहीण."

तो काउंटरमागून बाहेर आला. "ऐका माझं. एक गोळी आणखी घेऊ नका. इथून घरी नका जाऊ, थेट डॉक्टरांकडे जा."

डॉक्टर बाई होत्या, लहान चणीच्या, मोठ्या आवाजाच्या. आत गेल्या गेल्या त्यांनी विचारलं, "तपासायचं कुणाला?"

"हिला," दोघी एकदम म्हणाल्या, एकमेकींकडे बोट दाखवून.

डॉक्टरांनी धाकटीला हात समोर धरायला सांगितला आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पाखरासारखा फडफडला. नाडी बघितली, पाणी गिळायला लावून गळा चाचपला, गळ्यावर नळी लावून कान दिला. डोळ्यांसमोर बोट वर-खाली केलं. मग थोरलीचे सुजलेले पाय बघितले, आणि मग गोळीची हकीगत ऐकली. ऐकून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे हिची गाडी उतारावर सुटलेली, आणि तुम्ही वरून धक्का दिलात?"

"पण दोघींना थायरॉइडच ना?" थोरली म्हणाली. "आमचं सगळं एकच असतं."

"एकाचा पाय उचलतच नाही, आणि दुसऱ्याचा पाय थांबतच नाही. दोघांना पायाचं दुखणं म्हणून दोघांना एकच औषध देणार का?"

रक्त दिलं. निकाल आल्यावर परत गेलो. धाकटीचा टीएसएच शून्याला टेकलेला, थोरलीचा आभाळाला.

"बघ," थोरली खूश झाली. "माझा जास्त आहे. मी म्हणत नव्हते, मलाच जास्त आहे?"

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या थिएटरात घंटा असते ना?"

"असते. तिसरी झाली की पडदा."

"तशीच समजा. गळ्यात एक ग्रंथी असते, फुलपाखरासारखी. ती म्हणजे शरीराच्या शेगडीवर बसवलेली बाई. मेंदूला वाटलं ऊब कमी पडतेय, की तो घंटा वाजवतो, आणि बाई कोळसा घालते. हा टीएसएच म्हणजे मेंदूची घंटा. ऊब नाही. कळलं?"

"कळलं," धाकटी म्हणाली. थोरलीने मान डोलावली, म्हणजे नव्हतं कळलं.

"आता शरीरात पहारेकरी असतात, बाहेरचा रोग आला की हाकलणारे. ताई, तुमच्या पहारेकऱ्यांनी शेगडीवरच्या बाईलाच चोर समजून बडवलं. वर्षानुवर्षं. ती बिचारी अर्धमेली पडलीय. कोळसा घालणार कोण? म्हणून मेंदू घंटा बडवत बसलाय. घंटेचा आकडा मोठा, अंगात ऊब नाही. म्हणून थंडी, सूज, झोप. तुमची गोळी म्हणजे बाहेरून आणलेला कोळसा, आणि तोही तुम्ही वाटून टाकलात. या आजाराला हाशिमोटो म्हणतात."

"हा कोण?"

"ज्यांनी शोधला ते डॉक्टर."

"इतकी वर्षं माझ्या गळ्यात बसलाय आणि मला त्याचं नावही कुणी सांगितलं नाही!"

"आणि माझी बाई?" धाकटीने विचारलं.

"तुमच्या पहारेकऱ्यांनी निराळाच चाळा केला. त्यांनी बाईला मारलं नाही. ते स्वतःचीच एक खोटी घंटा घेऊन उभे राहिले. सारखी वाजवतायत. बाईला वाटतंय मालकाने बोलावलं. घाल कोळसा, घाल कोळसा. मेंदूने हा गोंधळ बघून आपली घंटा केव्हाच खाली ठेवली, म्हणून तुमचा आकडा शून्य. शेगडी मात्र धडधडतेय. म्हणून घाम, भूक, ठोके, आणि हात. हा ग्रेव्हजचा आजार."

धाकटी सावकाश म्हणाली, "आणि मी वरून ताईचा कोळसा खाल्ला."

"पण तिचे केस गळत होते," थोरली अजून हार मानायला तयार नव्हती. "माझेही गळायचे. दमणं, गळा, सगळं सारखं."

"ते दोन्हीकडे असतं. तिथेच माणसं फसतात. तुमच्या गोळ्यांनीही छाती धडधडली असती, हात कापला असता. पण नुसत्या गोळ्यांनी डोळ्यांमागे सूज येत नाही. डोळ्यांनी चुगली केली. रक्तातही ते खोटी घंटा वाजवणारे पहारेकरी सापडले."

"आपलेच पहारेकरी असं का करतात पण?" मी विचारलं.

"पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. एवढं माहीत आहे की हे घराण्यातून येतं. एकाच घरात एकीला हे आणि दुसरीला ते होऊ शकतं." मग त्या तिघींनी वळून माझ्या गळ्याकडे बघितलं. मी ओढणी वर घेतली.

धाकटीने तोवर एकच प्रश्न पोटात धरून ठेवला होता. "हात परत येईल?"

डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "एक गोळी ग्रंथीला आवरायची, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती वर्ष-दीड वर्ष चालू ठेवावी लागेल. दुसरी ठोके आणि कापरं कमी करायची, तिचा गुण लवकर दिसेल. हात येईल, असं मला वाटतं. पण तुमच्या पडद्याआधी येईल हे मी सांगू शकत नाही. आणि ताप आला किंवा घसा दुखला तर सर्दी म्हणून बसू नका. त्याच दिवशी फोन करा, ग्रंथीची गोळी कधी कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर रुसते. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळे दाखवा. आसपास सिगारेट नको, डोळ्यांना वाईट. आणि ताई, तुमची गोळी तुम्ही. पूर्ण. रोज."

घरी आल्यावर दारात चपला काढताना थोरली म्हणाली, "मी तुला विष घातलं."

"अर्धंच," धाकटी म्हणाली. "पूर्ण नंतर."

"हसू नकोस गं! तुझा हात गेला असता माझ्यामुळे."

"ताई, तू स्वतःची ऊब काढून मला देत होतीस. मला नको होती, एवढंच."

थोरली रडली. मग रडताना थंडी वाजली म्हणून शाल घेतली.

दुसऱ्या दिवशी टोपांच्या खोलीत दोन लाकडी डोक्यांवर दोघींच्या औषधांची जागा ठरली. म्हातारीच्या डोक्यावर थोरलीची बाटली, राजाच्या डोक्यावर धाकटीच्या गोळ्या. हद्द ओलांडायची नाही. दिग्दर्शक सिगारेट पेटवत आत आला.

"विझवा," धाकटी म्हणाली.

"विझवतो, विझवतो. रागावू नका."

"रागावले नाहीये. ग्रेव्हज आहे." आणि मग तिने त्याला खरं काय ते सांगितलं. रेघ वेळेवर होणार नाही. हात कापतोय. दुसऱ्या कुणाला काम देऊ शकता.

मला वाटलं आता ती इथेच कोसळणार. दिग्दर्शकाने टोपाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि बहुधा त्या डोळ्यांना भिऊनच म्हणाला, "दुसऱ्या कुणाला कशाला? तोवर कपाळावर बटा सोडू."

पहिल्या प्रयोगाला नायिका कपाळभर बटा घेऊन उभी राहिली. दिग्दर्शक लोकांना सांगत फिरला की तो पात्राच्या मनातला गुंता आहे. लोकांना पटलंही. धाकटी विंगेत माझा दंड धरून उभी होती आणि कुजबुजत होती, "टोपी दिसतेय. नुसती टोपी दिसतेय."

त्यानंतरचे आठवडे फार लांब होते. धाकटी रोज सकाळी बोटांवर कागद ठेवून बघायची. कागद आधी पाखरू होता, मग पान झाला. सुईला मात्र ती शिवत नव्हती. मी एकदा म्हटलं, "करून बघ ना." तर म्हणाली, "नाही जमलं तर कळेल ना मग."

थोरलीचं एकेक वाक्य पूर्ण व्हायला लागलं. आधी वरचे मोजे गेले, मग आतले. शाल खुंटीवर गेली. आणि जीभ परत आली. "बोटांवर कागद ठेवतेस रोज. कागदवाल्याशी लग्न करायचंय का?" असं तिने एका दुपारी ऐकवलं, आणि नायिकेचा टोप, नवी जाळी लावून, धाकटीच्या समोर आणून आपटला. "बटांना कंटाळलेत लोक."

"ताई, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. बस."

धाकटी बसली. सुई उचलली. एक केस वेगळा काढला. थोरली स्टुलावर ताठ, दोन्ही हात मांडीत दाबून धरलेले. मी दारात. फळीवरची डोकीही जरा पुढे झुकल्यासारखी वाटली.

सुई जाळीसमोर आली. थांबली. नुसती थांबली, डावी-उजवी झाली नाही. मग भोकातून आत गेली, केस घेऊन बाहेर आली, गाठ बसली, आणि तो केस कपाळावर तिरका उगवला.



"ताई."

"हं?"

"श्वास घे."

थोरलीने श्वास घेतला तो इतक्या जोरात, की दुसरा केस उडून गेला. ती उठली, आणि कुणी न सांगता, आपल्या बाजूने मोठा त्याग करत असल्यासारखी, खिडकी सताड उघडून आली.

"खिडकी लाव," धाकटी म्हणाली.

"काय?"

"लाव म्हणतेय."

"आत्ताच उघडलीय! तुझ्यासाठी उघडलीय!"

"म्हणूनच सांगतेय. वाऱ्याने केस उडतायत, आणि मला गार लागतंय."

थोरली दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्याकडे बघत राहिली. मग खिडकी लावली. खुंटीवरची शाल काढली आणि धाकटीच्या खांद्यावर टाकली, हाताला धक्का लागणार नाही अशी. धाकटीने वर बघितलं नाही. ती पुढच्या केसाला लागली होती.

संध्याकाळपर्यंत बोटभर रेघ झाली. धाकटीने टोप लाकडी डोक्यावरून उतरवला, आणि थोरलीने न सांगताच मान खाली घातली.

"हलू नको," धाकटी म्हणाली.

"मी कुठे हलतेय? तूच हल आता, चहा ठेव."

"थांब गं. बघू दे." धाकटी दोन पावलं मागे गेली. नायिकेचे केस घातलेल्या थोरलीच्या कपाळाकडे, त्या बोटभर रेघेकडे, अजून जरासे मोठेच असलेल्या डोळ्यांनी बघत राहिली.

"कशी दिसते?" थोरलीने विचारलं.

"आई फसली असती," धाकटी म्हणाली.